टपालहशिलाचा हिशेब द्या : ऑनलाइन दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
भारतात ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या सर्व लहानमोठ्या कंपन्यांचे चालक

प्रत कार्यवाहीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : 'डिलिव्हरी चार्ज' या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या रकमेबाबत

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश आणि सवड मिळेल तसे बाळंतविडे, म्हणजे कुंची, झबली, टोपडी, दुपटी. घरात एक अंब्रेला मशीन आहे, एक पिको-फॉलचं आणि एक ओव्हरलॉक. मशीन आलं की सुट्या भागांची कटकट आलीच. सुया, बॉबिन कुडाळच्या बाजारात मिळतात, एसटीच्या अर्ध्या तिकिटात जाऊन येते. पण ओव्हरलॉकचा लूपर मोडला की दुकानदार म्हणतो, "कोल्हापूरसून मागवतंय, आठ दिवस लागतले." चतुर्थी तोंडावर असताना आठ दिवस मशीन बंद ठेवणं कुणाला परवडणार? म्हणून मी तुमच्याकडे आले. तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं, हे आधीच कबूल करते. पुढचं वाचताना मला जुन्या विचारांची समजू नका.

हे पत्र लिहायला कारण घडलं ते गेल्या महिन्यात. मी नेहमी जिथून सामान मागवते त्या दुकानाने मोफत डिलिव्हरीची मर्यादा १९९ रुपयांवरून ४९९ वर नेली. कळवलं वगैरे काही नाही, पैसे भरायच्या पानावर गेल्यावर समजलं. माझं सामान होतं ४४० रुपयांचं : अस्तर, पायपिंग, चार चेन, हुकांचं पाकीट. डिलिव्हरी ६०. एकूण ५००. खाली हिरव्या अक्षरांत सूचना, "आणखी ५९ रुपयांची खरेदी करा आणि मोफत डिलिव्हरी मिळवा." मी ५९ रुपयांची धाग्याची रिळं टाकली. एकूण झालं ४९९.

म्हणजे रिळं घेतल्यावर बिल एक रुपयाने कमी झालं! घरात सगळे म्हणाले, बरं झालं, रिळं फुकट मिळाली. माझ्या मनातून मात्र ते जाईना. पार्सलचं वजन वाढलं. खोकं मोठं झालं. ते वाहून आणणाऱ्याचा खर्च वाढला असेल, कमी तर नक्कीच झाला नसेल. मग आधीचे ६० रुपये कशाचे होते? वाहतुकीचे असते तर वजन वाढल्यावर ते ६५ झाले असते. ते शून्य झाले, म्हणजे ते वाहतुकीचे नव्हतेच. तो थोडं घेणाऱ्याला लावलेला दंड होता, आणि त्यावर नाव टपालाचं होतं.

माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीतून निघतं.

पूर्वी दिवाळी अंकांत, साप्ताहिकांत जाहिराती यायच्या, त्यांच्या शेवटी एक ओळ असे : "टपालहशील वेगळे" किंवा "टपालहशील माफ". वडील व्ही.पी.पी.ने पुस्तकं मागवायचे. पोस्टमन दारात यायचा, पैसे घ्यायचा, पार्सल द्यायचा. वर तिकिटं चिकटवलेली असायची, ती मोजली की कळायचं की दुकानदाराने टपालाचे किती लावले आणि पोस्टाला किती गेले. लहानपणी ती मोजायचं काम माझ्याकडे होतं. तुमच्या पार्सलवर बारकोड असतो. मला त्यातलं काही वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं तोही मला भाडं सांगत नाही.

मी स्वतःही पार्सलं पाठवते, हेही सांगायला हवं. पुणे, डोंबिवली, कधी बेळगावला बाळंतविडा जातो. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला सांगते, "सेट ८५०, टपाल वेगळं." पोस्टात काट्यावर ठेवतात, आकडा समोर दिसतो, पावती मिळते, तिचा फोटो पाठवते. एकदा मीही सरसकट १०० घेतले होते, खर्च ८२ आला. डोंबिवलीच्या ताईंनी पावतीवर बोट ठेवून विचारलं, "हे १८ कसले?" मला लाज वाटली. पैसे परत पाठवले, आणि तेव्हापासून पावतीआधी आकडा सांगणं सोडलं. तेव्हा पार्सलला खर्च येतो, फुकट काही जात नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मला फुकट नकोच आहे.

आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात. जाणता माणूस एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुमच्याकडे गाऱ्हाणं घातलं की उत्तर येतं, "आपलं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे." म्हणून या वेळी चारचौघांत घालते.

पहिलं गाऱ्हाणं किमतीचं. यादीत बॉबिन केस ६५ रुपयांना दिसते. मी तीन दुकानं बघते, तुलना करते, हीच स्वस्त म्हणून निवडते. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल, ओटीपी, हे सगळं झाल्यावर ४९ डिलिव्हरीचे दिसतात. पुढच्या पानावर ९ हाताळणीचे. रोख देते म्हटलं की आणखी १०. ६५ ची वस्तू १३३ ला. इथपर्यंत आलेलं माणूस परत फिरत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. त्या तिघांतल्या दुसऱ्या दुकानात तीच वस्तू ११० ला, सगळं धरून होती. ती मला महाग वाटली होती.

याला सरकारी कागदात नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत १३ प्रकारच्या फसव्या युक्त्या दिल्या आहेत. किंमत आधी पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने उघड करणं ही त्यातलीच एक. त्याच्याही आधी, जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यावी आणि त्यासोबत डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर यांची फोड द्यावी. तुम्ही म्हणाल, आम्ही देतोच. देता, पण शेवटच्या पानावर. लग्नाच्या बैठकीत सगळं ठरल्यावर, पानसुपारी झाल्यावर, हळूच मानपानाची यादी काढावी तसं.

दुसरं गाऱ्हाणं परतीचं, आणि हे मला जास्त झोंबलंय. वर सांगितलेली बॉबिन केस गेल्या चतुर्थीच्या आधी मागवली होती. मी अंब्रेला मशीनची मागवली, आली साध्या घरगुती मशीनची. पाकिटावर मॉडेल बरोबर छापलेलं, आत माल दुसरा. चूक माझी नव्हती आणि तुम्हीही ती नाकारली नाहीत. वस्तू परत नेली. पैसे परत आले, ६५. उरलेल्या ६८ रुपयांचं काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "शिपिंग आणि इतर शुल्क परत मिळत नाही." म्हणजे मी मागवली नव्हती ती वस्तू माझ्या घरी आणून दाखवल्याबद्दल मी ६८ रुपये दिले. वर दहा दिवस मशीन बंद. त्या आठवड्यात शेजारच्या वाडीतले सहा गणवेश दुसरीकडे गेले, त्याचं मी तुमच्याकडे मागत नाही. पण ६८ रुपये?

त्याच २०२० च्या नियमांत आहे की वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. नियमात शब्द आहे 'मोबदला'. मी दिलेला मोबदला ६५ होता की १३३? माझ्या पाकिटातून तर १३३ गेले. युरोपातल्या देशांमध्ये गिऱ्हाइकाने मुदतीत खरेदी रद्द केली, अगदी वस्तूत दोष नसताना, तरी दुकानदाराला सुरुवातीचं साधं डिलिव्हरी भाडं परत करावं लागतं. त्यांच्याएवढं मी मागत नाही. चूक तुमची असेल तेव्हा तरी द्या.

तिसरं, अंतराचं. माझी बहीण कोल्हापूरला राजारामपुरीत राहते. एकाच संध्याकाळी, एकाच दुकानात, एकच कात्री आम्ही दोघींनी बघितली. तिला डिलिव्हरी ४०, मला ७९. तिच्या पिनकोडची सुरुवात ४१६, माझीही ४१६. घाट उतरून यावं लागतं, मान्य आहे, वाडीवस्त्या दूर दूर आहेत तेही मान्य. दुप्पट होण्याइतका घाट मोठा आहे का, हे तुम्हीच सांगा. कारण मला ७९ चं गणित दाखवलेलंच नाही. नुसतं लिहिलंय, 'दुर्गम भाग'. मुंबई-गोवा महामार्गावरून रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं गाव आहे. (महामार्गाबद्दल काय बोलायचं ते बोला, पण तो आहे.)

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी, संस्कृतात काव्य लिहिणारे अधिकारी. सारख्या नावाची गावं, निरनिराळ्या लिपी आणि न वाचता येणारी अक्षरं यांतून पत्र नेमक्या गावी पोहोचावं, कुणी सुटू नये, म्हणून ते सहा आकडे आले. आज मी तेच सहा आकडे टाकते आणि तुम्ही त्यावरून ठरवता की हिच्याकडून जास्त घ्यायचे, किंवा हिला सेवाच द्यायची नाही.

बरं, जास्त घ्या. पण मग घरी तरी या. ७९ रुपये 'घरपोच' म्हणून घेता आणि फोन येतो, "ताई, तिठ्यावर या." तिठा, म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, माझ्या घरापासून दीड किलोमीटर. पावसात छत्री आणि टॉर्च घेऊन मी जाते. त्या पोराशी माझं भांडण नाही. तो स्वतःच्या दुचाकीवर, स्वतःच्या पेट्रोलवर पन्नास पार्सलं घेऊन फिरतो, आमच्या वाडीत नेटवर्क नाही म्हणून त्याचा ओटीपी लागत नाही. एकदा मी त्याला विचारलं, "या ७९ मधले तुला किती?" तो नुसता हसला. मी गेले नाही तर 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद होते आणि पार्सल परत फिरतं. शेवटचा दीड किलोमीटर मी चालले, त्याचं भाडं तुम्ही घेतलंत. पोस्टमन मात्र आजही दारात येतो.

चौथं थोडक्यात. बटणांची चार पाकिटं मागवली, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. आली चपलांच्या खोक्याएवढ्या खोक्यात, आत फुगवलेल्या पिशव्या. कुरिअरवाले वजनासोबत आकारमानही धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. ३० बाय २० बाय १० चं खोकं म्हणजे १.२ किलो. माझ्या १०० ग्रॅम बटणांनी १.२ किलोचं भाडं खाल्लं. खोकं मी निवडलं नव्हतं. हवेचं भाडं मी का भरायचं?

पाचवं, रोखीचं. सुरुवातीला तुम्हीच शिकवलंत की वस्तू हातात आल्यावर पैसे द्या, काळजी नको. आम्ही शिकलो. आता सवय लागल्यावर त्यालाच वेगळा चार्ज. तुमची बाजू मी समजू शकते, लोक रोखीवर मागवतात आणि दारात नाकारतात, पार्सल दोनदा भाडं खातं. पण जी बाई एकदाही पार्सल नाकारत नाही तिच्याकडूनही तेवढेच? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी या रोखीच्या जादा आकाराबद्दल तक्रारी आल्याचं आणि चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. तेव्हा हे एकट्या माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

आता कुणी म्हणेल, वर्षाचं सभासदत्व घे, मग सगळं मोफत. मुंबईतल्या घरात रोज दोन पार्सलं येतात, तिथे ते परवडतं. मी वर्षाकाठी बारा-पंधरा वेळा मागवते. जो जास्त घेतो त्याला भाडं नाही, जो कधीमधी, गरजेपुरतं, थोडं घेतो त्याने सगळं भरायचं. आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही वाण्याने असा हिशेब कधी केला नाही. पावशेर साखर घेणाऱ्याला किलोमागे दोन रुपये जास्त पडत असतील, पण दुकानात पाऊल टाकल्याचे पैसे तो घेत नाही.

पोस्टाशी तुलना केली की तुम्ही म्हणता, ते सरकारी आहे. असेल. पण त्यांचा दर आधी सांगितलेला असतो, आणि तुमच्याकडे तेवढंच नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ५० ग्रॅमपर्यंतच्या कागदपत्रांच्या स्पीड पोस्टला त्याच गावात १९ रुपये आणि गावाबाहेर भारतात कुठेही ४७ रुपये, वर जीएसटी. दर वाढले तेव्हा मीही कुरकुरले. पण कुडाळहून दिल्लीला ४७ आणि कुडाळहून कोल्हापूरलाही ४७, आम्हाला 'दुर्गम' म्हणून वेगळा दर नाही. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून 'ज्ञानपोस्ट' आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. मोठ्या मुलीने स्पर्धा परीक्षेचं एक १२० रुपयांचं पुस्तक तुमच्याकडून मागवलं होतं, डिलिव्हरी ७०. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. पोस्टात वजन वाढलं की दर वाढतो. वजन वाढलं म्हणून दर शून्य झाला, असा काटा मी तिथे अजून पाहिला नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मी पिनकोड एकदा टाकला की यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे माझ्या दारात पडणारी पूर्ण किंमत दिसावी. शेवटच्या पानावर नाही, पहिल्या पानावर.

टपालाचा आकार एकाच नावाने, एकाच ओळीत घ्यावा. हाताळणी, सुविधा, सुरक्षित पॅकिंग, प्लॅटफॉर्म अशी त्याची चार पिल्लं करू नयेत. दुकान चालवायचा खर्च वस्तूच्या किमतीत धरा, आम्ही बघून घेऊ परवडतं की नाही.

चुकीचा, खराब किंवा उशिरा माल आला तर भरलेला पैसा पूर्ण परत करावा, डिलिव्हरीसकट, रोखीच्या आकारासकट.

घरपोचचे पैसे घेऊन तिठ्यावर बोलावलं तर ते पैसे परत करावेत. किंवा सरळ विचारावं, "जवळच्या पोस्टात ठेवू का? २० रुपये कमी होतील." मी आनंदाने हो म्हणेन. पोस्टात मला तसंही जायचं असतं.

आणि वजन, खोक्याचं माप आणि भाडं बिलावर छापावं. बारकोडशेजारी तीन आकडे मावतील एवढी जागा नक्की असते.

प्राधिकरणाला वेगळं सांगते. जून २०२५ मध्ये आपण कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलंत. नोव्हेंबरमध्ये २६ कंपन्यांनी आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत असं स्वतःच लिहून दिलं. शाळेत गणिताचा पेपर आम्हालाच तपासायला दिला असता तर आम्हीही पैकीच्या पैकी घेतले असते. आपल्या माणसांनी गडचिरोलीचा, नंदुरबारचा, कुडाळचा पिनकोड टाकून एक ५० रुपयांची वस्तू मागवून बघावी. एक परत करून बघावी. दर ठरवून द्या असं मी म्हणत नाही, तो ज्याने त्याने ठरवावा. तो लपवला जातो का आणि न केलेल्या कामाचा घेतला जातो का, एवढं बघा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी मराठीत तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आता माणूस जिथे राहतो तिथूनच दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हेही मला कळलंय. ६८ रुपयांसाठी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे लोक हसतील. माझ्यासारख्या ज्या ज्या बाईचे ६८ रुपये अडकलेत, तिने निदान बिलाचा फोटो जपून ठेवावा आणि १९१५ ला फोन करावा.

उत्तराची वाट बघते. उत्तर टपालाने पाठवलंत तर हशील तुमचं.

आपली,
एक शिवणकाम करणारी गिऱ्हाईक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : पत्र लिहीत असतानाच फोन आला. ती ४९९ ची ऑर्डर आलीय. तिठ्यावर. जाऊन येते.